ब्लॉकला फेसिंग मारण्याआधी

प्रश्न : या गळीत हंगामात ट्रॅक्टरचं हेड पॅकिंग (हेड आणि ब्लॉकमधलं सील) दुसऱ्यांदा उडालं. पहिल्या वेळी हेडला फेसिंग मारून, म्हणजे पृष्ठभाग सपाट कापून, घेतलं होतं. आता उद्यमनगरातला मशीन शॉपवाला म्हणतोय, 'ब्लॉकलाही एक हात मारू, विषय संपला.' आमचा मिस्त्री नको म्हणतोय. कुणाचं ऐकू?
– एक वाचक, कागल

उत्तर : दोघांचंही राहू द्या, आधी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) काय म्हणतो ते बघा. 'एक हात' भिंतीला रंग देताना ठीक आहे, ब्लॉकला नाही.

ब्लॉकचा फेस स्क्रेपरनं साफ करा. ग्राइंडरला एमरी लावून घासू देऊ नका. मधेच खोलगट होतं आणि ती कचकच बेअरिंगात जाते. मग स्ट्रेट एज (सरळ धारेची पट्टी) लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत ठेवून खाली पाती घालून बघा. बऱ्याच इंजिनांत पाच ते दहा शतांश मिलिमीटरपर्यंतचा फरक चालतो, तुमचा आकडा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. एक फसगत सांभाळा. स्टडच्या भोकाशी आटे वर ओढले जाऊन बारीक कड उभी राहते. पट्टी त्या कडेवर चढते आणि सगळा ब्लॉक वाकडा दिसतो. तिथं भोकाचं तोंड जरासं काउंटरसिंक केलं, म्हणजे तिरकं कापून रुंद केलं, की काम झालं.

माझा खरा संशय लायनरवर, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो त्या नळीवर आहे. वेट लायनर (बाहेरून थेट पाणी लागणारा) असेल तर त्याची कॉलर फेसपेक्षा किंचित वर असावी लागते, त्या उंचीवरच पॅकिंग दाबलं जातं. कॉलरखालची बैठक खचली की लायनर खाली बसतो आणि कितीही महागाचं पॅकिंग घाला, उडणारच. लायनर बोल्ट-वॉशरनं दाबून धरा आणि मगच डायल गेज (उंचीतला बारीक फरक दाखवणारं घड्याळ) लावा. नाहीतर खालच्या रबरी रिंगा त्याला वर ढकलतात आणि माप खोटं येतं. लायनर न दाबता क्रँकही फिरवायचा नाही.

बैठक खचलेली असताना नुसता फेस मारला, तर लायनर वर दिसेल खरा, पण बैठक वाकडीच राहील आणि पिस्टनही तेवढाच वर येऊन हेडच्या, व्हॉल्व्हच्या जवळ जाईल. डिझेलमध्ये ती फट आधीच चिमूटभर असते. त्यामुळे फेस मारावाच लागला तर बैठकही मापात कापून घ्या आणि पिस्टनची उंची पुन्हा मोजा. काही इंजिनांना जाड पॅकिंग मिळतं, सगळ्यांना नाही.

शॉपमध्ये ब्लॉक टाकताना लायनर, स्टड, डॉवेल (हेड जागेवर बसवणाऱ्या पिना) काढूनच द्या. आधीचं माप, किती काढलं, नंतरचं माप, हे तिन्ही आकडे कागदावर मागा. लिहून द्यायला कुरकुरणाऱ्याकडे मी तरी ब्लॉक टाकत नाही. उद्यमनगरात शॉपना काय तोटा आहे? इंजिन नंबर फेसच्या कडेला असेल तर आधी फोटो काढा आणि तो भाग वाचवायला सांगा. नंबर खरवडला गेला तर आरटीओत उत्तरं देत बसाल. घरी आणल्यावर भोकांतला चुरा आणि तेल हवेनं उडवा. तळाशी तेल साचलेल्या बंद भोकात बोल्ट आवळला तर टॉर्क रेंच (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा पाना) खोटं बोलतो, कधी ब्लॉकच तडकतो.

आणि हो, इंजिन तापलं कशानं ते तुम्ही लिहिलंच नाही. उसाच्या फडातलं पाचट रेडिएटरच्या जाळीत अडकलंय का बघा, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून उघडतो का तेही तपासा. हे राहिलं तर पॅकिंग तिसऱ्यांदाही उडेल.