गाव आधी की रूळ आधी?

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातली लहान रेल्वे-गावं हा या वेळच्या प्रश्नांचा विषय. आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : नेब्रास्काच्या नकाशात एकाच रेल्वेमार्गावर ठरावीक अंतराने गावं दिसतात आणि त्यांची नावंही इंग्रजी मुळाक्षरांच्या क्रमाने लागतात. हा योगायोग आहे का?

योगायोग नाही. हा मार्ग बर्लिंग्टन रेल्वेचा. क्रीट या गावापासून पश्चिमेकडे निघालात की डॉर्चेस्टर, एक्झिटर, फेअरमाँट, ग्राफ्टन, हार्वर्ड, इनलँड, जुनियाटा, केनेसॉ, लोवेल अशी स्टेशनं लागतात. तिथे आधी गाव वसलं आणि मग रेल्वे आली, असं झालं नाही. कंपनीने कागदावर रेघ ओढली, रेघेवर टिंबं दिली, टिंबांना नावं दिली आणि मग भूखंड विकायला काढले.

दोन टिंबांतलं अंतर मुख्यतः शेतकऱ्याच्या घोडागाडीवर ठरे. धान्याने भरलेली गाडी घेऊन निघायचं, माल उतरवायचा आणि दिवस मावळायच्या आत घरी परतायचं. हे जमायला स्टेशन फार लांब असून चालत नसे. त्यामुळे साधारण 6 ते 10 मैलांवर, म्हणजे 10 ते 16 किलोमीटरवर, एकेक थांबा पडला.

गाव वसवण्यात पैसाही होता. 1862च्या पॅसिफिक रेल्वे कायद्याने रुळांच्या दोन्ही बाजूंना दहा-दहा मैलांच्या पट्ट्यात, बुद्धिबळाच्या पटासारखे एकाआड एक चौरस मैल कंपन्यांना दिले. 1864 साली ही देणगी दुप्पट झाली. पण जमीन विकली जाणार केव्हा, तर जवळ स्टेशन, दुकान आणि धान्याचं कोठार असेल तेव्हा. म्हणून एकाच साच्यातला आराखडा गावोगाव वापरला गेला. बाजारातले भूखंड बहुधा 25 फूट रुंदीचे असत, म्हणून त्या गावांतल्या जुन्या दुकानांचे दर्शनी भाग आजही अरुंद आणि खोल दिसतात. सुरुवातीच्या काही आराखड्यांत रुळांच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर बाजार असे. मग पेठेतून इकडचं तिकडे जायचं तर मालगाडी हलेपर्यंत ताटकळावं लागे. पुढे इंग्रजी टी अक्षरासारखी मांडणी रुळली. बाजाराचा रस्ता रुळांना काटकोनात येऊन स्टेशनापाशी संपतो आणि सगळी वस्ती एकाच बाजूला राहते.

ज्या जुन्या वस्तीला रुळांनी बगल दिली, तिथले लोक कधी कधी लाकडी घरं ओंडक्यांवर चढवून, बैल-घोडे जुंपून नव्या स्टेशनापाशी घेऊन जात. कंपनीशी भांडण्यापेक्षा ते सोपं पडे.

प्रश्न : जुन्या छायाचित्रांत स्टेशनाजवळ लाकडी पाण्याची टाकी हमखास दिसते. तिचं काम नेमकं कसं चाले?

वाफेचं इंजिन कोळशापेक्षा पाणी कितीतरी जास्त पितं. एक पौंड कोळशावर ढोबळमानाने सहा-सात पौंड पाण्याची वाफ होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंजिनामागच्या टेंडरमध्ये, म्हणजे कोळसा-पाण्याच्या डब्यात, दोन-तीन हजार गॅलन पाणी मावे (अमेरिकी गॅलन म्हणजे सुमारे 3.8 लिटर). चढ असला किंवा गाडी जड असली तर ते भराभर संपे.

टाकीचं एक नेहमीचं माप 50,000 गॅलनचं होतं, म्हणजे जवळपास 1,90,000 लिटर. व्यास 24 फूट, उंची 16 फूट आणि खाली भक्कम खांबांचा चौथरा. पाणी विहिरीतून किंवा ओढ्यातून येई. ते आधी पवनचक्कीने, पुढे वाफेच्या किंवा तेलाच्या पंपाने वर चढवत आणि त्यासाठी बऱ्याच ठिकाणी पगारी पंपवाला असे. गाडी बरोबर टाकीखाली उभी राहिली की फायरमन, म्हणजे इंजिनाची भट्टी सांभाळणारा, टेंडरवर चढून दोरीने नळकांडं खाली ओढी आणि झडप उघडी. टेंडर भरलं की नळकांडं सोडून द्यायचं, प्रतिवजनामुळे ते आपोआप वर जाई.

लाकडी टाकी कधी रिकामी ठेवायची नसते. फळ्या ओल्या असतात तोवर फुगून एकमेकींना घट्ट बसतात. वाळल्या की आकसतात आणि लोखंडी कड्या कितीही आवळा, पाणी झिरपतच राहतं. नॉर्थ डाकोटा, मिनेसोटासारख्या ठिकाणी थंडीत उतरणारा नळ गोठे. म्हणून त्याभोवती फळ्यांची दुहेरी-तिहेरी पेटी करून मधे हवेची पोकळी ठेवत आणि टाकीखाली शेगडी पेटवत.

खरी डोकेदुखी मात्र पाण्याच्या गुणाची. जड पाण्याने बॉयलरच्या नळ्यांवर चुन्याची खपली धरते. तिच्यातून उष्णता नीट पुढे जात नाही, धातू प्रमाणाबाहेर तापतो आणि नळ्यांचे सांधे गळू लागतात. मैदानी प्रदेशातलं खारट, अल्कलीयुक्त पाणी आणखी वाईट, कारण ते उकळताना फेसाळतं. फेसाबरोबर पाणी सिलिंडरमध्ये शिरलं तर ते दाबलं जात नाही आणि दट्ट्याच्या धडकेने सिलिंडरचं झाकण फुटू शकतं. यावरचे उपाय तीन. पाण्यात सोडा अॅश घालून जडपणा काढायचा, वाटेत अधूनमधून बॉयलरच्या तळचं गढूळ पाणी बाहेर उडवायचं आणि शेडमध्ये बॉयलर धुवायचा. ज्या गावाचं पाणी चांगलं त्या गावाचा भाव इंजिनवाल्यांत वर असे. गावातल्या चर्चची किंवा शाळेची चौकशी ते नंतर करीत.

प्रश्न : अशा गावात राहणारे सगळे रेल्वेचेच नोकर असत का?

नाही. साध्या थांब्यावर स्टेशन सांभाळणारा एजंट आणि रूळ दुरुस्त ठेवणारी सेक्शन गँग एवढेच रेल्वेचे. बाकी दुकानदार, लोहार, कोठारवाला, लाकडाच्या वखारीचा मालक, डॉक्टर आणि भोवतालचे शेतकरी. गँगकडे काही मैलांचा रूळ असे. एका मैलात सुमारे 3,000 लाकडी स्लीपर, आणि ते कुजले की बदलायचे, खाली खडी ठोकून बसवायची, सरकलेला रूळ लोखंडी पहारींनी ओळीत आणायचा. ही कामं भागाभागाप्रमाणे आयरिश, चिनी, जपानी, मेक्सिकन आणि कृष्णवर्णीय मजुरांनी केली. दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय गँगा पहारींचा जोर एकाच क्षणी लागावा म्हणून गाण्याच्या ठेक्यावर काम करीत. मेक्सिकन कुटुंबांना पुष्कळ ठिकाणी जुने मालडबेच घर म्हणून मिळाले. गावाच्या शताब्दीच्या स्मरणिकांमध्ये संस्थापक, बँकर आणि पहिला महापौर सापडतो, पण ही माणसं क्वचितच भेटतात. इतिहास लिहिणाऱ्याने ती मुद्दाम शोधली पाहिजेत.

ज्या गावात इंजिन आणि कर्मचारी बदलत, ते विभागीय गाव. ते साधारण दर 100 मैलांवर येई, कारण मालगाडीवरच्या माणसाचं एका दिवसाचं काम तेवढं धरलं जाई. तिथे इंजिनं ठेवायची गोल शेड, कोळशाचा धक्का आणि उतारकरूंच्या खानावळी असत. अशा गावांत मात्र अख्खं गाव रेल्वेच्या पगारावर चाले.

प्रश्न : रुळांकाठी उभी असलेली उंच धान्यकोठारं कशी चालतात? त्यांना आग लागल्याचं वारंवार वाचनात येतं.

त्याला ग्रेन एलिव्हेटर म्हणतात. गाडी आत आली की आधी काट्यावर वजन, मग धान्य जमिनीतल्या खड्ड्यात. तिथून पट्ट्याला लावलेल्या बादल्यांची माळ ते माथ्यावर उचलून नेते. माथ्यावरचं फिरतं तोंड हव्या त्या कप्प्याकडे वळवायचं की धान्य वजनानेच खाली उतरतं. डबा भरतानाही तसंच, वरून नळाने सोडायचं.

साठवलेलं धान्य भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून जुन्या लाकडी कोठारांच्या भिंती दोन इंच जाड फळ्या आडव्या निजवून, एकीवर एक खिळ्यांनी ठोकून केलेल्या असत. खाली जोर जास्त, म्हणून तिथे सहा इंची फळ्या, वर चार इंची. साध्या गावातल्या कोठारात वीस-तीस हजार बुशेल मावत. गव्हाचा बुशेल 60 पौंडांचा, म्हणजे 27 किलोंचा.

डबा भरण्यातही कौशल्य होतं. बंद मालडब्याचा दरवाजा सरकता, म्हणून आतून फळ्या ठोकून बांध घालायचा, फटींवर कागद लावायचा आणि वर थोडी जागा मोकळी सोडायची. कोपऱ्यात फट राहिली तर गहू वाटभर सांडत जाई, बाजारात वजन कमी भरे आणि भरपाईवरून वाद लागे. चाळीस फुटी डब्यात दोन हजार बुशेलपर्यंत गहू जाई.

आता आगीबद्दल. बादल्यांच्या माळेचं खालचं टोक धान्याने तुंबलं की पट्टा थांबतो, पण वरचं चाक फिरतच राहतं. घासून पट्टा तापतो, पेट घेतो आणि हवेतल्या धान्याच्या धुळीचा भडका उडतो. तेल न मिळाल्याने तापलेलं बेअरिंग हे दुसरं कारण. शेजारून जाणाऱ्या इंजिनाच्या ठिणग्याही होत्याच. म्हणून बाहेरून पत्रा मारत आणि यंत्र वेगळ्या खोलीत ठेवून तिथून पट्ट्याने ताकद आणत. धूळ झाडणं हा मात्र रोजचा कंटाळवाणा उपाय, आणि तोच सर्वात आधी टाळला जाई.

कोठारं बहुधा रेल्वेच्या जागेवर आणि मोठ्या कंपन्यांच्या हाती असल्याने भाव आणि वजन दोन्हींबद्दल शेतकऱ्यांची ओरड असे. इलिनॉयने कोठारांच्या दरावर कमाल मर्यादा घातली आणि 1877 साली सर्वोच्च न्यायालयाने ‘मन (Munn) विरुद्ध इलिनॉय’ या खटल्यात ती वैध ठरवली. सहकारी कोठारंही याच असंतोषातून निघाली.

प्रश्न : मग ही गावं ओस का पडली? रस्त्यांमुळेच ना?

रस्ते हे एक कारण. डिझेल इंजिनाला दर काही मैलांवर पाणी लागत नाही, त्यामुळे 1940 आणि 50च्या दशकांत टाक्या, पंपवाले आणि गोल शेड एकदम निकामी झाले. 1967 साली धावत्या गाड्यांतली टपाल छाटणी मोठ्या प्रमाणावर बंद झाली आणि टपालाच्या उत्पन्नावर तगलेल्या प्रवासी गाड्याही गेल्या. 1 मे 1971 रोजी अॅमट्रॅक ही देशव्यापी प्रवासी रेल्वे कंपनी सुरू झाली, तिच्या यादीत असले थांबे फारसे नव्हतेच. 1980च्या स्टॅगर्स कायद्याने कंपन्यांना दर ठरवण्याची आणि तोट्याच्या शाखा सोडण्याची मोकळीक वाढली. शिवाय नवे धान्यडबे भरल्यावर 2,63,000, पुढे 2,86,000 पौंडांचे झाले. शाखामार्गावरचे हलके जुने रूळ आणि पूल तेवढा भार पेलत नाहीत. शंभरावर डब्यांची गाडी एकाच ठिकाणी भरणारं प्रचंड कोठार परवडतं, तेव्हा दहा मैलांवरच्या छोट्या कोठाराकडे कोण थांबणार?

प्रश्न : मुलीचं कुटुंब अशाच एका गावात राहायला गेलं आहे. गावाचा इतिहास शोधायला सुरुवात कुठून करावी?

काउंटी रेकॉर्डरच्या, म्हणजे जिल्ह्याच्या जमीन-नोंदणी अधिकाऱ्याच्या, कचेरीतून. तिथे गावाचा मूळ आराखडा असतो. तो कोणी आणि कोणत्या तारखेला नोंदवला हे पाहा, म्हणजे कंपनीचा हात होता का ते कळेल. नंतर सॅनबॉर्न कंपनीचे अग्निविमा नकाशे पाहा. 50 फुटांना एक इंच या प्रमाणात घर न घर दाखवलेलं असतं. गुलाबी म्हणजे विटांचं, पिवळं म्हणजे लाकडी, निळं म्हणजे दगडी. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संकेतस्थळावर पुष्कळ नकाशे फुकट आहेत, पण अगदी लहान गावांचे निघालेच नाहीत. तसं असेल तर रेल्वेचे मूल्यांकन नकाशे मागवा. 1913च्या कायद्याने ते करावे लागले आणि राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. त्यांत सायडिंग (बाजूचा रूळ), टाकी, गुरांचे कोंडवाडे, सगळं सापडतं.

माणसांसाठी जनगणना. व्यवसायाच्या रकान्यात रेल्वे शोधत जा. 1890ची बहुतेक सगळी पानं 1921च्या आगीनंतर नष्ट झाली, त्यामुळे 1880 वरून थेट 1900 वर उडी मारावी लागते. 1950पर्यंतची खुली आहे. रेल्वे निवृत्तिवेतन मंडळाच्या फायली 1936 नंतर नोकरीत असलेल्यांपुरत्याच.

दोन ठिकाणी हमखास फसगत होते. स्टेशनाचं नाव आणि पोस्टाचं नाव वेगळं असू शकतं. आणि आजच्या कंपनीच्या नावाने शोधलं तर काही मिळत नाही, कारण मूळची छोटी कंपनी तीन-चार विलीनीकरणांत गडप झालेली असते. आधी त्या काळच्या वेळापत्रकावरून मूळ नाव काढा, मग शोध घ्या. प्रत्यक्ष पाहायला गेलात तर चालू रुळांवर पाय ठेवू नका, ती खाजगी मालमत्ता आहे. उखडलेल्या मार्गावर जिथे पायवाट झाली आहे तिथे खुशाल फिरा.