राज्य सरकारी कर्मचाऱ्याने भ्रष्टाचार उघड केला तर काय होतं?

तुम्ही विचारलंय, सोलापुरातल्या सरकारी कार्यालयात लिपिक आहे, बिलांत घोळ दिसतोय, बोललो तर कायदा पाठीशी उभा राहील का? मी या जिल्ह्यातच नोकरी केली आणि हे भोगलंय, म्हणून लिहितो.

माझ्या हाती पाण्याच्या टँकरचं लॉगबुक आलं होतं. एका टँकरच्या रोज चार खेपा, चार गावांच्या सह्या, पण शाई एक आणि अक्षरही एकच. त्याच फायलीत गॅरेजचं बिल होतं. ज्या आठवड्यात खेपा लिहिल्या होत्या, त्या आठवड्यात टँकर इंजिन उघडून गॅरेजात पडलेला! मी साहेबांना तोंडी सांगितलं आणि महिनाभर वाट पाहून कागद पत्रकाराला दिले. तिथे चुकलो. दोषारोपपत्र माझ्यावरच आलं आणि त्यात टँकरबद्दल एक ओळ नव्हती. १९७९ च्या वर्तणूक नियमांचा भंग, परवानगीशिवाय माहिती बाहेर दिली, एवढंच. निलंबन, पगाराऐवजी निम्मा निर्वाह भत्ता आणि मुख्यालय करमाळा. परवानगीशिवाय तिथून हलायचं नाही.

भ्रष्टाचार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये झाला, राष्ट्रपतींची सही झाली, पण तो लागूच केलेला नाही. महामार्ग प्राधिकरणातले इंजिनिअर सत्येंद्र दुबे यांनी नाव गुप्त ठेवा म्हणून पंतप्रधान कार्यालयाला कळवलं होतं, २००३ मध्ये गयेत त्यांचा खून झाला. त्यानंतर २००४ च्या ठरावाने केंद्रीय दक्षता आयोग नाव झाकून तक्रार घेऊ लागला, पण ती सोय केंद्राच्या कारभारापुरती. तुमचं कार्यालय राज्याचं असेल तर तिचा उपयोग नाही.

म्हणून वरिष्ठांना लेखीच द्या आणि पोच घ्या. मग लोकायुक्त किंवा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग. फायलीतला मूळ कागद घरी नेऊ नका, चोरीचा आळ येतो. निलंबन झालंच तर मुंबईत मॅटकडे, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, जाता येतं. तीन महिन्यांत दोषारोपपत्र न देता निलंबन लांबवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितलंय. तारखा लिहून ठेवा.

पण निम्म्या पगारापेक्षा मला जेवणाच्या सुट्टीने जास्त छळलं. वीस वर्षं ज्यांच्यासोबत शेंगाचटणी-भाकरी खाल्ली, ते डबा घेऊन दुसऱ्या टेबलाला गेले. त्यांनाही पोरंबाळं होती, आज राग नाही.

आणि तक्रार टाकण्याआधी घरी सांगा. माझ्या बायकोला हे सगळं शेजारणीने पेपर आणून दाखवला तेव्हा कळलं.