वाचकांचे प्रश्न : गच्चीवरचं हवामान केंद्र

प्रश्न : सेन्सर पाण्याच्या टाकीच्या सावलीत आहे, तरी मे महिन्यात दुपारी ४५-४६ अंश दाखवतो. हवामान खात्याचा आकडा तेव्हा ४१ असतो. सेन्सर बदलू का? – एक वाचक, सोलापूर

उत्तर : बदलू नका. पहाटे दोन्ही आकडे जुळत असतील तर सेन्सर शाबूत आहे, जागा चुकली आहे. टाकी आणि स्लॅब तापले की त्यांची धग तो मोजतो. खात्याचे तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर असतात. तुम्हीही टाकी-कठड्यापासून लांब, पाइपवर दीड-दोन मीटर उंच, एकावर एक पालथ्या बशा रचल्यासारखं दिसणारं पांढरं आच्छादन घालून सेन्सर लावा. बंद डब्यात मात्र नको. वारा खेळला नाही तर आत भट्टीच होते. एवढं करूनही गच्चीवर पारा थोडा चढाच राहील.

प्रश्न : मुसळधार पावसात साध्या पर्जन्यमापकात ७० मिमी, तर सेन्सरमध्ये ६१. असं का? – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : सेन्सरच्या नरसाळ्याखाली सी-सॉसारखी जोडवाटी असते. एक बाजू भरली की ती कलंडते आणि यंत्र ०.२ किंवा ०.३ मिमी मोजतं. कलंडण्याच्या त्या क्षणी पडणारं पाणी भरलेल्या वाटीतच जातं, मोजलं जात नाही. पाऊस जितका जोराचा, तितकी ही गळती जास्त. पण आधी दोन गोष्टी तपासा : बैठक पाणसळीत आहे का, आणि नरसाळ्याच्या भोकात पानं, कोळ्याचं जाळं किंवा कुंभारीण माशीच्या घरट्याची माती अडकली आहे का. कोकणात शेवाळही धरतं.

मग चाचणी घ्या. नरसाळ्याचा आतला व्यास १२ सेंमी असेल तर क्षेत्रफळ ११३ चौ. सेंमी, म्हणजे १ मिमी पाऊस = ११.३ मिली पाणी. ४५२ मिली पाणी सलाइनच्या नळीने थेंबथेंब, दोन तासांत सोडा. ४० मिमी दिसायला हवेत. ३७ दिसले तर गुणक ४० ÷ ३७, म्हणजे १.०८, तो सेटिंगमध्ये भरा. पाणी घाईने ओतलंत तर चाचणी फुकट.

आणि तुलना करताना वेळ बघा. खात्याचा पावसाचा दिवस सकाळी ८:३० ते दुसऱ्या सकाळी ८:३० असा असतो. तुमचं यंत्र बहुधा मध्यरात्री शून्यावर येतं. रात्रभर कोसळला की दोन्हीकडच्या तारखा जुळणारच नाहीत.