अस्तर ३ मिलिमीटर असूनही बायोप्सी करावी का?

आपल्या सासूबाईंचे वय ६६ आहे, पाळी जाऊन पंधरा वर्षे झाली आहेत, दोन महिन्यांत तिसऱ्यांदा अंगावर लाल गेले आहे आणि सोनोग्राफीत गर्भाशयाचे अस्तर ३ मिलिमीटर आले आहे. तरीही बायोप्सी (अस्तराचा तुकडा काढून तपासणे) करावी का, असे आपण विचारले आहे. जळगाव जिल्ह्यात स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करताना हा प्रश्न मला वारंवार भेटतो, आणि रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल तर माझे उत्तर ‘होय’ असेच असते.

पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणाऱ्या दहा स्त्रियांपैकी साधारण नऊ जणींना कर्करोग नसतो. बहुतेकींत वयोमानाने अस्तर सुकलेले असते. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत (पोटावरून केलेली येथे पुरेशी नाही) अस्तर ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल, तर पहिल्या रक्तस्रावानंतर थांबून पाहणे योग्यच असते. मात्र ही मर्यादा प्रामुख्याने इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे अस्तर जाड करणाऱ्या नेहमीच्या कर्करोगाला लागू पडते. सिरस आणि क्लिअर सेल हे दुर्मीळ प्रकार पातळ, सुकलेल्या अस्तरातही उगवतात. सिरस प्रकार गर्भाशयाच्या कर्करोगांत सुमारे एक दशांशच असला, तरी मृत्यूंमधील त्याचा वाटा त्या मानाने खूप मोठा आहे.

बारीक नळीने अस्तराचा तुकडा बाह्यरुग्ण विभागातच घेता येतो. या वयात गर्भाशयाचे तोंड आक्रसलेले असल्याने कधी पुरेसा नमुना मिळत नाही, आणि ‘नमुना अपुरा’ हा अहवाल ‘सर्व ठीक’ असा वाचला जातो, जे मला सर्वांत धोक्याचे वाटते. तेव्हा हिस्टेरोस्कोपी करून, म्हणजे गर्भाशयात दुर्बीण घालून, आत प्रत्यक्ष पाहून तुकडा घ्यावा. पेशी संशयास्पद दिसल्यास पी५३ या प्रथिनाची विशेष तपासणी सिरस प्रकार ओळखण्यास मदत करते. पॅप स्मिअर चांगला आला म्हणून निश्चिंत राहू नये, कारण तो गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी असतो.

आपल्याकडे मे महिन्यात असे झाले की ‘उष्णता बाहेर पडली’ म्हणून धण्या-जिऱ्याचे पाणी दिले जाते आणि त्यात महिने निघून जातात. याउलट कोणी थेट ‘पिशवी काढून टाका’ असे सुचवले, तर आधी बायोप्सीचा अहवाल मागावा. सिरस प्रकार लहान असतानाच पोटातील चरबीच्या पडद्यापर्यंत पोहोचलेला असू शकतो. त्या पडद्याचा नमुना आणि लसिकाग्रंथींची तपासणी त्याच शस्त्रक्रियेत व्हावी लागते, आणि निदान आधी झालेले असेल तरच तिची आखणी तशी करता येते.