कार मॅगझिनवाले सुपरकारचं वजन कसं करतात, आणि ते कंपनीच्या आकड्यापेक्षा जास्त का भरतं?

तुर्भ्याला ट्रक चढवतात त्या काट्यावर नेत नाहीत हो, तिथे आकडा 5-10 किलोच्या उड्या मारतो. चार चाकांखाली चार पातळ डिजिटल काटे ठेवायचे, शक्यतो टाकी फुल, आत कोणी नाही, चारही आकड्यांची बेरीज झालं वजन, वर पुढे-मागे भार किती तेही कळतं, मी तर तेच आधी बघतो. कंपनीचा आकडा कमी कारण बरेच सुपरकारवाले ‘ड्राय वेट’ छापतात म्हणजे पेट्रोल, कूलंट धरतच नाहीत, शिवाय वजनासाठी महागडे हलके ऑप्शनल पार्ट लावलेली गाडी घेतात (चलाखी!). नुसतं 60 लिटर पेट्रोलच 45 किलोच्या आसपास जातं. उलट युरोपियन नियमात 75 किलोचा ड्रायव्हर आणि 90 टक्के इंधन धरतात, त्यामुळे आकडा कुठला ते आधी बघा मग भांडा.