विजयदुर्गचं वाक्य खोडण्याआधी

चि.,
अनेक आशीर्वाद.

तुझा मसुदा दोनदा वाचला. विजयदुर्ग किल्ल्यावरच्या साहेबाच्या ओट्यांचं, म्हणजे जिथे लॉकियरच्या दुर्बिणी मांडल्या होत्या असं सांगतात त्या चौथऱ्यांचं, वर्णन डोळ्यांपुढे उभं राहतं, ते ठेव. पण '१८६८ साली लॉकियरने इथूनच हेलियम शोधला' हे वाक्य काढावं लागेल. तुला वाईट वाटेल. मीही लहानपणी हेच ऐकलं आणि बरीच वर्षं अभिमानाने सांगत आलो.

या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाचं, लॉकियरचं, त्या वर्षीचं पत्र काढून बघ. रॉयल सोसायटीच्या सचिवांना लिहिलेलं, २० ऑक्टोबर १८६८ चं. तेव्हा तो लंडनला होता. युद्ध खात्यात नोकरी आणि उरल्या वेळात घरच्या सव्वासहा इंची दुर्बिणीतून सूर्य बघणं, असा त्याचा दिनक्रम. विजयदुर्गला तो आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणाला.

१८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाला गुंटूरला होता तो फ्रान्सचा खगोलशास्त्रज्ञ जान्सेन. सूर्यज्वालांच्या वर्णपटातल्या रेषा त्याला इतक्या तेजस्वी दिसल्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण संपल्यावरही, त्याने त्या पुन्हा शोधून काढल्या. त्याचं पत्र १९ सप्टेंबरचं, काकीनाड्याहून निघालेलं. ते समुद्रमार्गे पॅरिसला पोचेपर्यंत लॉकियरने लंडनमध्ये बसून, ग्रहणाशिवाय त्या रेषा बघायची, तीच युक्ती साधली होती. २६ ऑक्टोबरला पॅरिसच्या अकादमीत दोघांचीही पत्रं एकाच बैठकीत वाचली गेली. म्हणून सांगतो, प्रत्येक पत्राच्या दोन तारखा टिपून ठेव, लिहिल्याची आणि पोचल्याची. 'आधी कोण' हा वाद इथे या दोन तारखांमुळेच मिटला. पुढे फ्रान्समध्ये दोघांचे चेहरे एकाच पदकावर कोरले गेले, हे मला फार लोभस वाटतं.

आता लॉकियरच्या पत्रातला एकच शब्द बघ. तीन रेषा दिसल्या म्हणतो, आणि सूर्याच्या वर्णपटातल्या ज्या काळ्या रेषांना 'सी', 'डी', 'एफ' अशी अक्षरं दिलेली आहेत त्यांच्याशी त्या ताडून बघतो. पहिली 'सी'शी तंतोतंत जुळते, दुसरी 'एफ'शी जवळजवळ जुळते, आणि तिसरी? ती नुसती 'डी'जवळ. जुळते असं म्हणतच नाही. वर्णपटाचा हा भाग पुन्हा मोजायला हवा, असंही तो तिथेच लिहून टाकतो. ग्रहणाच्या दिवशी इतरांनाही नारिंगी-पिवळी रेषा दिसली होतीच. आपल्या पटवर्धनांच्या जमखंडीला रॉयल सोसायटीच्या वतीने आलेल्या लेफ्टनंट हर्शेललाही दिसली, ढगांच्या फटींतून. 'डी' म्हणजे सोडियम, त्यामुळे ही रेषाही सोडियमचीच असणार, असा तेव्हा बहुतेकांचा समज झाला. पण नुसती जवळ म्हणजे सोडियमची नव्हे, दुसऱ्याच कशाची तरी; हेलियमचं सगळं बीज त्या 'जवळ'मध्ये आहे. अनुवाद करताना तुझ्याकडून तिथे 'डी रेषा दिसली' असं झालंय. घाईत होतं असं, पण त्याने शोधच पुसला जातो.

या पत्रात हेलियम हे नाव शोधू नकोस, ते नंतरचं. आणि पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ साली, रॅम्झे या रसायनशास्त्रज्ञाला, क्लेव्हाइट या खनिजातून. तेव्हाही त्याने वायू भरलेली नळी आधी क्रुक्स या दुसऱ्या शास्त्रज्ञाकडे पाठवली, वर्णपटातल्या रेषा मोजून सांग म्हणून. स्वतःची खात्री दुसऱ्याच्या उपकरणावर पारखून घ्यायची ही रीत त्या काळच्या पत्रव्यवहारात जागोजागी भेटेल. मला त्या माणसांबद्दल आदर वाटतो तो मुख्यतः यासाठी.

विजयदुर्ग मात्र सोडू नकोस. १८९८ ची गोष्ट खरी आहे आणि आपल्याकडे ती जवळजवळ कुणी सांगत नाही. त्याच ग्रहणाला पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला आपली उपकरणं घेऊन सोलापूरकडच्या जेऊरला गेले होते. त्यांचा छापील अहवाल आहे, तो मिळव. एका किनाऱ्यावर लॉकियर, आत पठारावर नायगमवाला, आणि दोघांच्या डोक्यावर तोच काळवंडलेला सूर्य. तुझा लेख इथून सुरू कर.

ऑक्टोबरचं पत्र आधी हाताने उतरवून काढ आणि शनिवारी दुपारी घेऊन ये. मी घरीच आहे.

तुझा,
सर