दोन दिवसांच्या कथक कार्यशाळेला पहिल्यांदाच जाताना काय तयारी करावी?

कथकची ‘प्रवेशिका पूर्ण’ ही परीक्षा झालीय, नाशिकला गंगापूर रोडला बाहेरगावच्या गुरूंची दोन दिवसांची कार्यशाळा आहे, तर काय न्यावं आणि तिथे कसं वागावं, असं तुम्ही विचारलंय. कपड्यांचं आधी उरकते. सुती सलवार-कमीज किंवा चुडीदार, ओढणी तिरकी घेऊन कमरेशी गाठ. पलाझो नको, त्याचा घेर घुंगरांत अडकतो. घड्याळ, अंगठ्या, बांगड्या घरीच ठेवा. केसांचा अंबाडा बरा. चकरा घेताना लांब वेणी शेजारणीच्या तोंडावर बसते.

खरी तयारी पायांची. आठवडाभर आधीपासून रोज पंधरा-वीस मिनिटं घुंगरू बांधून तत्कार, म्हणजे पायांनी ताल वाजवण्याचा सराव, करा: बराबर, दुगुन, चौगुन, म्हणजे एकपट, दुप्पट आणि चौपट लयीत. नुसत्या पायांनी सराव करून गेलात तर घुंगरांच्या वजनाने पहिल्या तासातच पोटऱ्या भरून येतात. सभागृहातल्या फरशीवर टाच जोरात आपटू नका, तळवा सपाट पडू द्या. आवाज तसाही येतो आणि नडगी दुखत नाही. थंडीत नाशिकची सकाळची फरशी गारठलेली असते, म्हणून दहा मिनिटं आधी पोचून घोटे आणि पोटऱ्या मोकळ्या करून घ्या. न्याहारी दोन तास आधी, इडली किंवा पोहे. मिसळ दुपारी सुटल्यावर; तर्री पोटात घेऊन चकरा मारायच्या नसतात!

घुंगरू बांधताना खाली बसा. आतून सुती पट्टी गुंडाळा, पहिला वेढा घोट्याच्या हाडाच्या जरा वर घ्या आणि तिथून वर चढत जा. खालचे वेढे घट्ट, वरचे किंचित सैल, गाठ बाहेरच्या बाजूला. ती टाचेमागच्या शिरेवर आली तर पाय उचलताना काचते. दोरी नवी असेल तर अर्ध्या तासात ताणून ढिली पडते, तेव्हा विश्रांतीत पुन्हा बांधा. एखादं घुंगरू गळून पडलं तर थांबा आणि उचला, ते कुणाच्याही तळव्यात घुसू शकतं. स्वच्छतागृहात जाताना घुंगरू सोडून ठेवायचे, हे सांगायला नकोच.

शिष्टाचारातली सगळ्यात जास्त मोडली जाणारी गोष्ट म्हणजे गुरू बोलत असताना पाय हलवत राहणं. एकीने तिथल्या तिथे तुकडा (बोलांची छोटी रचना) करून पाहिला की वीस जणींची छुमछुम सुरू होते आणि मागच्या रांगेला बोल ऐकूच येत नाहीत. तेव्हा पाय गप्प, हातावर ताल. उशीर झाला तर दारात थांबा, चालू बंदिश समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आली की मगच आत जा. तबला-हार्मोनियम ओलांडू नका. लय जड वाटली तर तबलजींना नाही, गुरूंना सांगा. पुढची रांग दोन्ही दिवस अडवून ठेवू नका. ‘आमच्या ताई हे असं शिकवत नाहीत’ हे वाक्य घरी ठेवून या. घराण्याप्रमाणे हस्तक (हातांच्या हालचाली) आणि निकास (बोल अंगातून काढण्याची पद्धत) बदलतात. जाण्याआधी आपल्या ताईंना मात्र सांगा, नंतर दुसरीकडून कळणं बरं दिसत नाही.

मोबाईलवर चित्रण विचारूनच करा. मिळालंच तर नाचाइतकीच पढंतही, म्हणजे बोल तोंडाने म्हणणंही, नीट नोंदवा, पण वहीला पर्याय नाही. तीनतालाच्या 16 मात्रांचे चार-चारचे चार रकाने आखा, समेला फुली, नवव्या मात्रेला शून्य, आणि बोल त्या त्या मात्रेखाली लिहा. तिहाईत, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायच्या बोलांत, मधला दम (विराम) लिहायला विसरू नका, घोळ तिथेच होतो. समजा समेपासून उचललेली पाच मात्रांच्या बोलांची तिहाई आहे: पाच, एक दम, पाच, एक दम, पाच. एकूण 17, म्हणजे शेवटचा बोल बरोबर पुढच्या समेवर. दोन्ही दम गिळलेत तर 15व्या मात्रेवरच संपता आणि उरलेल्या जागेत हात वर करून तबल्याची वाट बघत उभं राहावं लागतं. चित्रण पाहून हे उमगत नाही, तोंडाने म्हणून हातावर मोजलं की लगेच उमगतं.

शनिवारी रात्री झोपण्याआधी वहीतलं सगळं एकदा हातावर ताल धरून म्हणा. अडलं तिथे खूण करा आणि रविवारी सुरुवातीलाच, घुंगरू बांधायच्या आधी, विचारून घ्या.